पारपत्र : परदेशातील नूतनीकरण

परदेशी जाणाऱ्या व्यक्तीची ओळख व राष्ट्रीयत्व प्रमाणित करणारा आणि तिला निर्वेध प्रवास करू द्यावा, गरज पडल्यास साहाय्य व संरक्षण द्यावे, अशी परकी शासनांना विनंती करणारा अधिकृत दस्तऐवज म्हणजे पारपत्र किंवा पासपोर्ट होय. पारपत्र ठराविक मुदतीचे असते. मुदत संपण्याच्या सुमारास धारक परदेशी राहत असेल, तर त्याला तेथील स्वदेशाच्या राजदूतावासाकडे अथवा वाणिज्य दूतावासाकडे नव्या पारपत्रासाठी अर्ज करावा लागतो. व्यवहारात या क्रियेस नूतनीकरण म्हणतात. सध्याच्या भारतीय पद्धतीत मात्र जुन्या पुस्तिकेची मुदत वाढवून दिली जात नाही; नव्या क्रमांकाची नवी पुस्तिकाच दिली जाते. म्हणून तिला पुनर्निर्गमन म्हणणे अधिक यथार्थ ठरते.

पारपत्र व व्हिसा या दोन भिन्न गोष्टी होत. पारपत्र स्वदेशाचे शासन देते, तर व्हिसा ही ज्या देशात जावयाचे त्या देशाने दिलेली प्रवेशाची अनुमती असते. पारपत्रामुळे नागरिकत्व निर्माण होत नाही आणि त्याची मुदत संपल्याने ते नष्टही होत नाही. परंतु परक्या भूमीवर नागरिकत्व सिद्ध करण्याचे दुसरे सोयीचे साधन सामान्य माणसाजवळ क्वचितच असते. त्यामुळे मुदत संपलेल्या पारपत्राचा धारक नागरिक असूनही नागरिक म्हणून वावरू शकत नाही. नूतनीकरणाचा अर्ज दिसावयास साधा असला, तरी त्यात स्वदेशाच्या शासनावरील हे अवलंबित्व स्पष्ट होते. पारपत्र हा नागरिकाचा हक्क की राज्यकर्त्याचा अनुग्रह, हा प्रश्न त्यामुळेच या विषयाच्या मुळाशी आहे.

राज्यात येण्याजाण्यासाठी अनुज्ञा घेण्याची पद्धत भारतात प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रानुसार मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी एक माषक घेऊन मुद्रा देई व ती असणाऱ्यालाच जनपदात प्रवेश करता येई अथवा बाहेर पडता येई. मुद्रेवाचून आढळलेल्या जनपदवासीयास बारा पण दंड असे. खोटी मुद्रा बाळगणाऱ्यास त्याहून जबर दंड सांगितला असून परप्रांतीयासाठी तो सर्वांत मोठा आहे. रानावनांतील कुरणांवर देखरेख करणारा विवीताध्यक्ष या मुद्रा तपासत असे.

मध्ययुगातील व्यवहाराचे प्रत्यक्षदर्शी वर्णन मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच्या प्रवासवृत्तात आढळते. त्याचा संबंध दौलताबादशीही येतो. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरी येथे राजधानी नेऊन तिला दौलताबाद हे नाव दिले होते. इब्न बतूता १२ सप्टेंबर १३३३ रोजी सिंधू नदीवर पोहोचला. तेथील वृत्तलेखक प्रत्येक नवागताचे रूप, पोशाख, बरोबरचे लोक व जनावरे यांची नोंद करून ती सुलतानाकडे पाठवीत. प्रवाशाला सिंधपासून दिल्लीस जावयास पन्नास दिवस लागत, तर टपालाला पाच, असे तो सांगतो. पायी धावणारे जासूद घोडेस्वारांपेक्षाही जलद असत आणि सुलतान दौलताबादेस असताना चाळीस दिवसांच्या वाटेवरून त्याच्यासाठी गंगेचे पाणी याच जासूदांकरवी नेले जाई, अशीही त्याची नोंद आहे. ज्या यंत्रणेने पाणी पोहोचे, तीच यंत्रणा परकीयांची माहितीही पोहोचवीत होती.

मुलतान येथे नवागतांना सुलतानाच्या आज्ञेची वाट पाहावी लागे. कायम राहण्याच्या इराद्याने आलेल्यांनाच पुढे जाता येई. इब्न बतूताकडून काजी व साक्षीदार यांच्यासमक्ष तसे लेखी वचन घेण्यात आले. त्याच्या काही सोबत्यांनी ते देण्यास नकार दिला. आत येण्यापेक्षा बाहेर पडणे अधिक अवघड होते. दिल्लीत काही काळ काजीचे पद भूषविल्यावर सुलतानाचा रोष ओढवला, तेव्हा त्याने सर्वसंगपरित्याग केला व हजला जाण्याची परवानगी मागितली. पुढे सुलतानानेच त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडले. १३४२ मध्ये निघालेले हे पथक दौलताबादवरून गेले. सुलतान व त्याचे सैन्य यांच्यासाठी राखलेले दौलताबाद, कटक नावाची दुसरी वस्ती आणि देवगिरीचा बालेकिल्ला असे या नगराचे तीन भाग त्याने वर्णिले आहेत. किल्ल्यातील अंधारकोठडीत मांजरांहून मोठे उंदीर होते, असेही तो लिहितो. पुढे कालिकत येथे वादळात भेटवस्तू व जहाजे गमावल्यावर त्याने दिल्लीस परतण्याचे टाळले. भेटवस्तूंपासून दूर का राहिलास, असा जाब सुलतान विचारील, ही त्याला धास्ती होती. ज्याच्या नावाने प्रवास चालू होता, त्याचीच भीती वाटू लागल्यामुळे सुलतानाचा हा वकील प्रथम होनावरला व नंतर मालदीव बेटांत आश्रयार्थी म्हणून पोहोचला. आजच्या कायद्याच्या परिभाषेत ही स्थिती बसत नाही. पण स्वतःच्या वकिलातीच्या दारात जाण्यास कचरणाऱ्या माणसाला ती अपरिचित वाटणार नाही.

पुढील काळात समुद्रावर पोर्तुगीजांचे कार्ताझ व जमिनीवर मोगल व मराठे यांची दस्तके हेच काम करीत. कार्ताझ नसलेले जहाज पोर्तुगीज पकडत, म्हणून दख्खनच्या सत्ताधीशांनाही आपल्या जहाजांसाठी ते घ्यावे लागे. दस्तक दाखविल्यास वाटेवरील चौक्यांतून जाता येई. ही पत्रे बहुधा विशिष्ट फेरीपुरती किंवा मालापुरती असत; व्यक्तीच्या राष्ट्रीयत्वाशी त्यांचा संबंध नव्हता.

आधुनिक पारपत्र पहिल्या महायुद्धातून निर्माण झाले. भारत संरक्षण अधिनियम, १९१५ या युद्धकालीन कायद्याच्या आधारे देशाबाहेर जाण्यास पारपत्र सक्तीचे झाले. १९२० च्या अधिनियमान्वये भारतात प्रवेश करतानाही ते आवश्यक ठरले. त्याच वर्षी राष्ट्रसंघाच्या पॅरिस येथील परिषदेने पुस्तिकेचा समान नमुना सुचविला. स्वदेशच नाहीसा झालेल्या रशियन निर्वासितांसाठी १९२२ पासून नान्सेन पारपत्रे देण्यात येऊ लागली. ब्रिटिश अमदानीत पारपत्र हे राजकीय नियंत्रणाचेही साधन होते. गदर चळवळीतील पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्यासारख्या क्रांतिकारकांना स्वदेशी परतण्याची वाट बंद झाली होती. खानखोजे मेक्सिकोत स्थायिक होऊन कृषिविज्ञानात नावारूपास आले. राज्यकर्त्याच्या मर्जीवर अवलंबून असलेले पारपत्र म्हणजे काय, हे त्यांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

दौलताबादचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत होता. संस्थानी प्रजाजन हे ब्रिटिश प्रजाजन नव्हेत. त्यांच्या पारपत्रांवर ब्रिटिश-संरक्षित व्यक्ती अशी नोंद असे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादेत पोलीस कारवाई झाली. तत्पूर्वी, १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यास परवाना लागू झाला होता. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात ही तारीख कायमची नोंदली गेली आहे. सातव्या अनुच्छेदानुसार १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेली व्यक्ती भारताची नागरिक मानली जात नसे. मात्र कायमच्या पुनर्वसनासाठी मिळालेल्या परवान्यावर परतलेल्यांना त्यातून वगळले होते. तात्पुरत्या भेटीचा परवाना व पुनर्वसनाचा परवाना यांतील भेद त्यामुळे निर्णायक ठरला. या दोन्ही प्रकारांना बोलीभाषेत परमिट असा एकच शब्द होता, हे अनेक कुटुंबांचे दुर्दैव. १५ ऑक्टोबर १९५२ पासून परवान्यांच्या जागी पारपत्र व व्हिसा यांची पद्धत आली. अन्य परदेशांत असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना, मग त्यांचे मूळ संस्थानातील असले तरी, आठव्या अनुच्छेदाने भारतीय प्रतिनिधीकडे नोंदणी करून नागरिकत्व मिळविण्याची सोय दिली.

स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ पारपत्र देणे वा न देणे हा शासनाच्या इच्छेचा भाग राहिला. देशाबाहेर जाण्यास पारपत्र हवे, असे सांगणारा कायदा नव्हता. पण पारपत्राशिवाय प्रवासी नेऊ नयेत, अशा सूचना जहाज व विमान कंपन्यांना असल्यामुळे परिणाम तोच होई. सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल १९६७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला, की परदेशगमन हा एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असून कायद्यावाचून ते नाकारता येत नाही. त्याचा परिणाम म्हणून त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. नकाराची कारणे त्यात नमूद झाली, ती लेखी देण्याचे बंधन आले व अपिलाची तरतूद झाली. मेनका गांधी खटल्यात (१९७८) न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले : पारपत्र अटकावून ठेवण्याची कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे आणि संबंधित व्यक्तीस आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. तथापि पारपत्राची पुस्तिका ही सदैव केंद्र शासनाची मालमत्ता राहते, हे कलम १७ मधील तत्त्व कायम आहे.

प्रौढांचे सामान्य पारपत्र दहा वर्षांचे असते. अल्पवयीनांचे पाच वर्षांचे किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचे, यांपैकी जे आधी संपेल ते, असते. मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापर्यंत पुनर्निर्गमनाचा अर्ज करता येतो आणि परदेशस्थाने या सवलतीचा लाभ घेणे श्रेयस्कर असते. पुष्कळ देश प्रवेशाच्या वेळी पारपत्राची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी, असा आग्रह धरतात. म्हणून पुस्तिकेवरील अखेरच्या तारखेच्या कितीतरी आधीच पारपत्र व्यवहारात निरुपयोगी होते. आखाती देशांत निवासाचा परवाना पारपत्राच्या मुदतीशी जोडलेला असतो. एक संपले की दुसरा वाढविणे अडते व त्यावर नोकरीही अवलंबून असते. अर्ज राहत्या प्रदेशाच्या अधिकारक्षेत्रातील दूतावासाकडे करावयाचा असतो. अनेक देशांत कागदपत्रे स्वीकारण्याचे काम खाजगी संस्थांकडे सोपविलेले आहे. निर्णय मात्र दूतावासाचाच असतो. आवश्यक तेथे भारतातील पारपत्र कार्यालयाकडून खातरजमा व कायमच्या पत्त्यावर पोलीस-चौकशी होते. दौलताबादचा रहिवासी दुबईत अर्ज करतो, तेव्हा चौकशीचा शिपाई गावातील घरी येतो. तेथे माहिती देण्यास कोणी नसेल, तर विलंब ठरलेलाच. नवे पारपत्र हाती आल्यावर रद्द केलेली जुनी पुस्तिका टाकून देऊ नये. तीवरील व्हिसाची मुदत शिल्लक असल्यास, संबंधित देशाच्या नियमांनुसार दोन्ही पुस्तिका एकत्र दाखवून सीमा ओलांडता येते.

व्यवहारात खरा घोळ नावांचा होतो. मराठी पद्धतीने स्वतःचे, वडिलांचे वा पतीचे नाव व आडनाव असे तीन घटक असतात, तर पारपत्रात दिलेले नाव व आडनाव असे दोनच रकाने असतात. मधले नाव पहिल्या रकान्यात गेल्याने परदेशी कार्यालये त्याला व्यक्तीच्याच नावाचा भाग समजतात. जन्मदाखला, शालान्त प्रमाणपत्र व निवास-परवाना यांत ते कधी असते, कधी नसते. विवाहानंतर स्त्रीची दोन नावे बदलतात आणि प्रश्न अधिकच बिकट होतो. स्थलनामांचेही तसेच आहे. जुन्या पारपत्रांत जन्मस्थान औरंगाबाद असे असते; त्याच नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे. २०२३ मध्ये या शहराचे व जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. नामांतरामुळे चालू पारपत्र निरर्थक होत नाही. पण नव्या व जुन्या कागदांतील भेदाचा खुलासा करण्याची तयारी धारकाने ठेवावी लागते.

अर्जदाराविरुद्ध भारतातील न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असल्यास पारपत्र नाकारता येते. मात्र १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाने परदेशगमनास परवानगी दिल्यास ते मर्यादित मुदतीपुरते मिळू शकते. ज्याला परदेशातून तातडीने परतावयाचे आहे आणि ज्याचे पारपत्र हरवले, संपले किंवा नाकारले गेले, त्यास केवळ भारतात येण्यापुरते आणीबाणीचे प्रमाणपत्र देतात. १९२० च्या प्रवेशविषयक अधिनियमाची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ याने घेतली आहे. भारतात येताना वैध पारपत्र वा प्रवासपत्र हवे, हा दंडक त्यातही आहे.

मुदतीचा प्रश्न सीमा न ओलांडताही उद्भवतो. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने तेथील रहिवाशांना भारतीय नागरिकत्व मिळाले; पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखू इच्छिणाऱ्यांना एका महिन्यात तसे घोषित करावयाचे होते. मोंतेरो नावाच्या एका गोमंतकीय धर्मगुरूंनी तशी घोषणा केली. त्यांना राहण्याचा तात्पुरता परवाना मिळाला, पण त्याची मुदत संपल्यावर त्यांनी ती वाढवून मागितली नाही. जन्मभूमीतच परकीय ठरलेल्या या धर्मगुरूंची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये कायम केली.

याउलट, परदेशात दीर्घकाळ राहून तेथील नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यास, १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यानंतर भारतीय पारपत्राचे नूतनीकरण करता येत नाही. ते दूतावासाकडे परत करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. परकी राष्ट्राचे पारपत्र मिळविणे हा नागरिकत्व बदलाचा निर्णायक पुरावा मानण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये इझहार अहमद खान खटल्यात वैध ठरविला. पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तेथील पारपत्र घेणाऱ्या गोमंतकीयांना आजही हाच नियम लागू पडतो. अशा व्यक्तींसाठी २००५ पासून परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे ओसीआय, नोंदणीची सोय उपलब्ध आहे. तिच्या आधारे भारतात कितीही वेळा येता येते व राहता येते. नाव काहीही असले, तरी ते नागरिकत्व नव्हे : मतदान व शेतजमिनीची खरेदी यांचा अधिकार त्यातून मिळत नाही, आणि प्रवासात परकी पारपत्र जवळ बाळगावेच लागते.