महामारी-निर्बंध व जनमत

महामारी-निर्बंध व जनमत : (लसीकरणकाळातील). साथीच्या रोगाचा प्रसार रोखण्यासाठी शासनाने लोकांच्या हालचाली, व्यवसाय, शिक्षण, उत्सव व सामाजिक संबंध यांवर घातलेल्या मर्यादांना महामारी-निर्बंध म्हणतात. असे निर्बंध दीर्घकाळ राहिल्यास ते पाळण्याची लोकांची इच्छा क्षीण होत जाते. या अवस्थेस ‘महामारी-शीण’ ही संज्ञा २०२० पासून रूढ झाली. प्रतिबंधक लस उपलब्ध झाली असली, तरी ती सर्वांपर्यंत पोहोचलेली नाही, अशा मधल्या काळात हा शीण व निर्बंधांविषयीचे मतभेद विशेष तीव्र होतात. कोविड–१९ च्या साथीत २०२१ साली भारतासह बहुतेक देशांना याचा अनुभव आला.

संज्ञा व स्वरूप : जागतिक आरोग्य संघटनेच्या यूरोप विभागाने २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अहवालात महामारी-शीण हा रोग किंवा मनोविकार न मानता दीर्घ संकटाला मिळणारा स्वाभाविक प्रतिसाद मानला आहे. भीती सवयीची होणे, निर्बंधांमुळे होणारे नुकसान वाढत जाणे आणि त्यांचा शेवट दृष्टिपथात नसणे, ही त्याची प्रमुख कारणे होत. तथापि या संज्ञेच्या उपयुक्ततेविषयी तज्ञांत एकमत नाही. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये, निर्बंध फार लवकर लावल्यास लोक लवकर थकतील, असा युक्तिवाद पुढे आला. तेव्हा वर्तनशास्त्राच्या सहाशेहून अधिक अभ्यासकांनी त्यास पुरेसा पुरावा नसल्याचे जाहीर पत्राने निदर्शनास आणले. पुढे चौदा देशांतील माहितीवरून केलेल्या एका पाहणीत शारीरिक अंतर राखण्याचे प्रमाण कालांतराने काहीसे घटल्याचे, परंतु मुखपट्टीचा वापर वाढत गेल्याचे आढळून आले. म्हणजे लोक सरसकट सर्व नियमांना कंटाळले नव्हते. ज्या नियमांची किंमत भारी होती, ते पाळणे त्यांना कठीण जात होते. ही किंमत सर्वांना सारखी नसते. निश्चित वेतन असलेल्या व घरून काम करू शकणाऱ्या व्यक्तीस जो नियम गैरसोयीचा वाटतो, तोच रोजंदारीवरील कामगारास उपजीविकेच्या प्रश्नासारखा भेडसावतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : निर्बंध आणि लस यांचा एकत्रित अनुभव महाराष्ट्रास नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आढळून आली. वॉल्डेमार हाफकिन यांनी तेथेच प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी १८९७ मध्ये, साथरोग अधिनियम संमत झाला. त्याअन्वये घरांची झडती, रुग्णांची सक्तीने रवानगी, प्रवाशांची तपासणी, संशयितांचे विलगीकरण इ. उपाय योजण्यात आले. पुण्यात ही कामे सैनिकांकरवी करून घेण्यात आल्याने प्रक्षोभ माजला. २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही दंगल उसळली. या घटनांनंतर शासनाने सक्ती क्रमाक्रमाने सौम्य केली आणि ऐच्छिक लसीकरणावर अधिक भर दिला. लस टोचून घेतलेल्यांना काही ठिकाणी विलगीकरणातून सूट देण्यात आली. मात्र १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्याचा ठपका प्रारंभी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला व लसीवरील विश्वास डळमळीत झाला [→ प्लेग].

या काळातील विरोध हा उपायांना होता की ते राबविण्याच्या पद्धतीला, हा भेद महत्त्वाचा आहे. लोकमान्य टिळकांनी सैनिकांच्या वर्तनावर कठोर टीका केली. परंतु त्याच वेळी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यातही पुढाकार घेतला. रोगनियंत्रण त्यांना नको होते, असे म्हणता येणार नाही. १८९७ चा हाच अधिनियम मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला.

लसीकरणकाळाचे वैशिष्ट्य : लस नसताना निर्बंधांना पर्याय नसतो, असे बहुसंख्य लोक मान्य करतात. लस उपलब्ध होताच तीन नवे प्रश्न उद्‌भवतात. पहिला प्रश्न मुदतीचा : किती लोकांना लस मिळाल्यावर निर्बंध उठवावयाचे? दुसरा क्रमाचा : लस प्रथम कोणास द्यावयाची? तिसरा भेदाचा : लस घेतलेल्यांना सवलत आणि न घेतलेल्यांना मज्जाव, असा फरक न्याय्य आहे काय? यांपैकी पहिला व तिसरा प्रश्न लसीच्या गुणधर्मांशीही निगडित आहेत. कोविड–१९ विरुद्धच्या लशींनी गंभीर आजार व मृत्यू यांपासून चांगले संरक्षण दिले. संसर्ग आणि त्याचा प्रसार यांपासून मिळणारे संरक्षण त्या मानाने कमी व अल्पकालीन ठरले. डेल्टा व त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये आढळलेला ओमिक्रॉन या विषाणूच्या प्रकारांमुळे ही तफावत वाढली. साहजिकच लस घेतलेली व्यक्ती इतरांना निर्धोक असते, या गृहीतावर आधारलेल्या नियमांचा पाया कमकुवत झाला.

महाराष्ट्रातील अनुभव : भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्यसेवकांपासून सुरू झाले. १ मार्चपासून ६० वर्षांवरील व्यक्ती आणि सहव्याधी असलेल्या ४५ वर्षांवरील व्यक्ती, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व व १ मेपासून १८ वर्षांवरील सर्व लोक लसीस पात्र ठरले. नेमक्या याच काळात राज्यात साथीची दुसरी लाट आली. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लागू झाली. नागपुरात मार्चच्या मध्यास तिची पुनरावृत्ती झाली. ११ मार्च रोजी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलण्यात आली. यापूर्वीही ती लांबणीवर पडली होती; त्यामुळे पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर ती २१ मार्च रोजी घेण्यात आली. एप्रिलच्या आरंभी अत्यावश्यक वगळता इतर दुकाने बंद करण्याचा आदेश निघाला, तेव्हा पुणे, मुंबई इ. शहरांतील व्यापाऱ्यांनी निदर्शने केली. १४ एप्रिलच्या रात्रीपासून निर्बंध आणखी कडक झाले. त्यांसोबत शासनाने ५,४७६ कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली. तीत नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक व अधिकृत फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये देण्याची तरतूद होती. ज्यांची कोठेही नोंद नव्हती, असे घरकामगार, बिगारी व विनापरवाना विक्रेते अशा रोख मदतीबाहेर राहिले. १८ एप्रिल रोजी राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. निर्बंधांची निकड यावरून स्पष्ट होते. तथापि त्याच महिन्यात इतर राज्यांत निवडणुकीच्या प्रचारसभा व हरद्वारचा कुंभमेळा चालू असल्याने नियम सर्वांना सारखे नाहीत, ही भावना बळावली.

लशीचा पुरवठा मागणीच्या मानाने अपुरा होता. एप्रिलमध्ये मुंबईसह अनेक ठिकाणची लसीकरण केंद्रे लशीअभावी बंद ठेवावी लागली. ४५ वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या मात्रेसाठी साठा वळविण्याच्या हेतूने राज्य शासनाने १२ मे रोजी १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण स्थगित केले. दुसऱ्याच दिवशी कोव्हिशील्ड लशीच्या दोन मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. १८ ते ४४ वयोगटाच्या लसखरेदीचा भार राज्यांवर व खुद्द नागरिकांवर टाकणारे केंद्राचे धोरण सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात सकृद्दर्शनी स्वैर व तर्कविसंगत ठरविले. २१ जूनपासून केंद्राने सर्व प्रौढांसाठी मोफत लसीची जबाबदारी स्वीकारली.

७ जूनपासून राज्यात जिल्ह्यांची पाच स्तरांत विभागणी करून निर्बंध शिथिल करण्याची पद्धत सुरू झाली. चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या व्याप्त खाटा, हे दोन निकष त्यासाठी ठरविण्यात आले. निकष जाहीर व मोजण्याजोगे असल्याने ही पद्धत पूर्वीपेक्षा सुबोध होती. परंतु जूनच्या अखेरीस, निकष काहीही असले तरी कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली आणू नये, असा आदेश निघाला व तिच्यावरील विश्वासास तडा गेला. दुपारी चारनंतर दुकाने बंद करण्याच्या नियमाविरुद्ध व्यापारी संघटनांनी आंदोलने केली. आषाढी वारी सलग दुसऱ्या वर्षी पायी न होता निवडक पालख्या वाहनांतून पंढरपुरास नेण्यात आल्या. मंदिरे उघडावीत, या मागणीसाठी ऑगस्टच्या अखेरीस विरोधी पक्षाने ठिकठिकाणी आंदोलन केले. शाळा ४ ऑक्टोबर रोजी, प्रार्थनास्थळे ७ ऑक्टोबर रोजी व नाट्यगृहे २२ ऑक्टोबर रोजी खुली झाली.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांचा प्रश्न या मतभेदाचे बोलके उदाहरण होय. दोन्ही मात्रा घेऊन १४ दिवस लोटलेल्या सर्वसामान्य प्रवाशांना १५ ऑगस्ट २०२१ पासून गाडीने प्रवास करण्याची मुभा मिळाली. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील किमान ८४ दिवस आणि नंतरचे १४ दिवस मिळून ९८ दिवस होतात. त्यामुळे त्या दिवशी प्रवास करू शकणाऱ्याने पहिली मात्रा सर्वसाधारणपणे ९ मेपूर्वी घेतलेली असणे आवश्यक होते. पंचेचाळीस वर्षांखालील नागरिक मात्र १ मे रोजी पात्र ठरले होते आणि १२ मे रोजी शासकीय केंद्रांवरील त्यांचे लसीकरण थांबले होते. परिणामी पोटापाण्यासाठी वसई, कल्याण वा पनवेलहून रोज मुंबई गाठणारा तरुण कामगारवर्ग लस घेण्यास तयार असूनही बव्हंशी या सवलतीबाहेर राहिला. त्यास बसचा किंवा खाजगी वाहनाचा वेळखाऊ व खर्चिक मार्ग पत्करावा लागला. येथे लस न घेणे हा व्यक्तीचा निर्णय नव्हता, तर पुरवठ्याचा परिणाम होता. या अटीस मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही देण्यात आले. राज्यातील उरलेसुरले निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठविण्यात आले.

इतर देशांतील अनुभव : इंग्लंडमध्ये २२ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्बंध चार टप्प्यांत उठविण्याचा कार्यक्रम जाहीर झाला. प्रत्येक टप्प्याची किमान तारीख व पुढे जाण्याच्या कसोट्या आधीच सांगितल्या होत्या. डेल्टा विषाणूमुळे अखेरचा टप्पा २१ जूनऐवजी १९ जुलै रोजी अमलात आला. मात्र निर्बंधकाळात पंतप्रधानांच्या कार्यालयात मेजवान्या झाल्याचे २०२१ च्या अखेरीस उघडकीस आल्यावर तीव्र संताप व्यक्त झाला. नेदर्लंड्समध्ये जानेवारी २०२१ मध्ये रात्रीच्या संचारबंदीविरुद्ध दंगली झाल्या. फ्रान्समध्ये ऑगस्ट २०२१ पासून उपहारगृहे, दूर पल्ल्याच्या गाड्या इ. ठिकाणी आरोग्य-परवाना सक्तीचा झाला. त्यामुळे लसीकरण वाढले, परंतु दर शनिवारी निदर्शनेही होऊ लागली. ऑस्ट्रियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रौढांना लस सक्तीची करणारा कायदा लागू केला. तो मार्चमध्ये स्थगित व त्याच वर्षी रद्द करण्यात आला.

न्यायालयीन भूमिका : भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी दिलेल्या निर्णयात शारीरिक स्वायत्तता हा घटनेच्या अनुच्छेद २१ नुसार संरक्षित हक्क असल्याने कोणासही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे स्पष्ट केले. सामाजिक आरोग्याच्या हितासाठी शासन व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालू शकते. परंतु ती कायदेशीर, उद्दिष्टास आवश्यक व प्रमाणबद्ध असावी, असे तत्त्व न्यायालयाने सांगितले. लस न घेतलेल्यांपासून होणारा संसर्गाचा धोका लस घेतलेल्यांपेक्षा अधिक आहे, हे दर्शविणारी माहिती शासनाने सादर केली नसल्याने त्यांच्यावरील निर्बंध प्रमाणबद्ध म्हणता येत नाहीत, असेही मत नोंदविण्यात आले.

मूल्यमापन : निर्बंधांमुळे संसर्गाचा वेग मंदावतो आणि रुग्णालयांवरील ताण कमी होतो, याविषयी फारशी शंका नाही. लसीकरण पूर्ण होण्याआधी निर्बंध उठविण्याची घाई प्राणघातक ठरू शकते, हे २०२१ च्या उन्हाळ्याने दाखवून दिले. त्याचबरोबर लोकांच्या तक्रारीस केवळ ‘शीण’ असे नाव दिल्याने तिच्यातील आशय दृष्टीआड होतो. महाराष्ट्रात दुकानदार, विद्यार्थी, वारकरी व रेल्वेप्रवासी यांची गाऱ्हाणी भिन्न होती; परंतु नियमाचे कारण सांगितले जावे, त्याचा शेवट कळावा, तो सर्वांना सारखा असावा आणि त्याची झळ एकाच वर्गास लागू नये, या अपेक्षा समान होत्या. या अपेक्षा थकव्यातून नव्हे, तर न्यायबुद्धीतून उद्‌भवतात. शिणावर उपदेश व दंड हे उपाय सुचतात. अन्यायाच्या भावनेवर मात्र स्पष्ट निकष, पुरेशी भरपाई व लसीचे समान वाटप हेच उपाय लागू पडतात. प्लेगच्या काळातील सक्ती सौम्य झाल्यावरच लोकांचे सहकार्य मिळू लागले, हा अनुभवही याच निष्कर्षास पुष्टी देतो. साथनियंत्रण अखेरीस लोकांच्या सहकार्यावरच अवलंबून असल्याने मतभेदांची योग्य दखल घेणे हा आरोग्यव्यवस्थेचाच एक भाग मानला पाहिजे.