ओलीस-वाटाघाटी

ओलीस-वाटाघाटी : बळजबरीने ताब्यात ठेवलेल्या व्यक्तीच्या मुक्ततेसाठी शासन आणि तिला ओलीस धरणारी दहशतवादी संघटना यांच्यात होणारी बोलणी. जुन्या राजनीतीत ओलीस हा तहाच्या पालनाचा जामीन असे व तो करार करणारा पक्षच स्वाधीन करी. वडगावच्या तहानंतर (१७७९) इंग्रजांनी आपले दोन अधिकारी महादजी शिंदे यांच्याकडे याच रीतीने ठेवले होते. आधुनिक ओलिसाचा कोणत्याही कराराशी संबंध नसतो. त्याचा जीव पणाला लावून शासनाकडून काही तरी मिळवावयाचे असते. संयुक्त राष्ट्रांच्या ओलीसविरोधी कराराने (१९७९) हे कृत्य गुन्हा ठरविले आहे.

दहशतवाद्यांशी शासनाने बोलणी करावीत काय, या वादात दोन भिन्न प्रश्नांची गल्लत होते. संपर्क ठेवणे वेगळे आणि मागणी मान्य करणे वेगळे. संपर्कामुळे वेळ मिळतो, ओलीस जिवंत असल्याची खात्री होते आणि मागण्या सौम्य होण्याची शक्यता असते. मागणी मान्य केल्यास आजचे जीव वाचतात, परंतु पुढील अपहरणास उत्तेजन मिळण्याची भीती राहते.

या प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप रवींद्र म्हात्रे यांच्या प्रकरणात दिसते. म्हात्रे हे बर्मिंगहॅम (इंग्लंड) येथील भारतीय सहायक उच्चायुक्तालयातील मराठी अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी कार्यालयातून घरी परतत असताना ‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ असे नाव घेतलेल्या गटाने त्यांना पळविले. मकबूल बट याची तिहार तुरुंगातून सुटका आणि दहा लाख पौंड, या त्या गटाच्या प्रमुख मागण्या होत्या. दिलेली मुदत इतकी तोकडी होती, की खऱ्या अर्थाने बोलणी सुरूच होऊ शकली नाहीत. दोन दिवसांतच म्हात्रे यांचा मृतदेह लेस्टरशर परगण्यात आढळला. पुण्यात मुठा नदीवरील एका पुलाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या अनेकांना त्यामागील घटना ठाऊक नसते.

बटला १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झाली होती. मधल्या काळात तो तुरुंगातून निसटला व १९७६ मध्ये पुन्हा पकडला गेला. इतकी वर्षे अंमलात न आलेली ती शिक्षा म्हात्रे यांच्या हत्येनंतर आठवड्याच्या आत, ११ फेब्रुवारी १९८४ रोजी अंमलात आली. मागणी नाकारणे हे धोरण म्हणून समर्थनीय ठरते. परंतु फाशीची ही घाई न्यायापेक्षा प्रत्युत्तरासारखी दिसली, हे नाकारता येत नाही. बटला शिक्षा सुनावणारे न्यायाधीश नीलकंठ गंजू यांची ४ नोव्हेंबर १९८९ रोजी श्रीनगरमध्ये हत्या झाली.

त्यानंतर सुमारे महिन्याभराने, ८ डिसेंबर १९८९ रोजी, केंद्रीय गृहमंत्री मुफ्ती महंमद सईद यांची कन्या रुबैया हिचे अपहरण झाले. १३ डिसेंबर रोजी पाच कैदी सोडण्यात आले आणि तिची मुक्तता झाली. दोन्ही वेळची शासने व परिस्थिती भिन्न होती, हे खरे. तरीही एका कनिष्ठ राजनैतिक अधिकाऱ्यासाठी जे अशक्य ठरले, ते मंत्र्यांच्या कन्येसाठी पाच दिवसांत शक्य झाले. ‘वाटाघाटी नाहीत’ या घोषणेची विश्वासार्हता अशा असमानतेने जितकी ढासळते, तितकी ती उघड तडजोडीनेही ढासळत नसावी.

उघड तडजोडीचे उदाहरण जपानचे आहे. २८ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईहून निघालेले जपानी विमान ‘जपानी रेड आर्मी’च्या सदस्यांनी ढाक्याला नेले. मानवी जीवाचे मोल पृथ्वीहून अधिक आहे, अशी भूमिका घेऊन पंतप्रधान फुकुदा यांनी साठ लक्ष डॉलर दिले व सहा कैदी सोडले. कंदाहार प्रकरणात (२४–३१ डिसेंबर १९९९) प्रारंभी छत्तीस कैदी व वीस कोटी डॉलर मागण्यात आले होते. बोलण्यांअंती तीन कैद्यांवर तडजोड झाली. एका प्रवाशाची हत्या आधीच झाली होती. इतर प्रवासी परतले. पण सोडलेल्यांपैकी मसूद अझहर याने २०००मध्ये ‘जैश-ए-महंमद’ ही संघटना स्थापन केली. बोलण्यांचे यश आणि सवलतीची किंमत ही दोन्ही याच एका प्रकरणात दिसतात. भारताच्या २००५ च्या विमान-अपहरणविरोधी धोरणात मागण्यांवर वाटाघाटी वर्ज्य ठरल्या. प्रवाशांची सुरक्षितता व घटनेचा शेवट यांसाठी संपर्काची मात्र मुभा राहिली.

मागणी हे केवळ निमित्त असेल, तर संपर्कही निष्फळ ठरतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाउसमधील हल्लेखोराशी परदेशातून दूरध्वनीवर संभाषण झाले व त्याने भारत सरकारशी बोलण्याची इच्छाही दर्शविली. तथापि हल्लेखोरांना सीमेपलीकडून मिळणाऱ्या ध्वनिमुद्रित सूचनांत ओलिसांना ठार मारण्याचे आदेश होते. तेथे रब्बी व त्यांच्या पत्नीसह सहा जण मृत्युमुखी पडले.