ताप उतरला, मग पोट का दुखतंय? डेंग्यूमध्ये यकृताला सूज का येते?

पावसाळा आला की मुळशी तालुक्यातही डेंग्यूची धास्ती असते. पिरंगुट-पौड रस्त्यावरच्या कासार आंबोलीसारख्या गावात पाण्याचं एखादं उघडं पिंप, टायर किंवा बांधकामावरची टाकी एडिस डासाला पुरते. ताप आला, रक्त तपासलं की घरातले सगळे एकच आकडा विचारतात, 'प्लेटलेट किती?' एसजीओटी आणि एसजीपीटी या तपासण्यांकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

ही दोन्ही विकरं यकृताच्या पेशींमध्ये असतात. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. डेंग्यूचा विषाणू या पेशींमध्ये शिरतो, शिवाय त्याच्याशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीचा मारही यकृतालाच बसतो. म्हणूनच डेंग्यूच्या बऱ्याच रुग्णांमध्ये हे आकडे थोडेफार वाढतात आणि काही आठवड्यांत आपोआप खाली येतात. यात एसजीओटी सहसा जास्त वाढतं, कारण ते स्नायूंमध्येही असतं. दूषित पाण्यातून होणाऱ्या 'अ' आणि 'इ' काविळीत डोळे पिवळे होतात, तसे डेंग्यूत क्वचितच होतात. त्यामुळे डोळे पांढरे आहेत म्हणजे यकृत ठीक आहे, असं समजू नये. यापैकी एकही आकडा हजारावर गेला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार तो गंभीर डेंग्यू ठरतो.

खरा घोळ गोळ्यांचा होतो. डेंग्यूच्या तापावर पॅरासिटामॉलच देतात. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळतात, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पण पॅरासिटामॉलचा निचरा यकृतच करतं. मोठ्या माणसासाठी डेंग्यूत दिवसाला 3 ग्रॅम ही मर्यादा सांगितली जाते. समजा, 650 मिलिग्रॅमची गोळी चार वेळा घेतली, तर 2,600 झाले. त्यात मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी तीन वेळा. अशा बऱ्याच गोळ्यांमध्ये 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच. बेरीज 4,100. घेणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

काढ्यांचंही तसंच. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. वाद काहीही असो, यकृत आधीच सुजलेलं असताना डॉक्टरांना न सांगता काढा सुरू करू नये.

ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी उतरतो आणि धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त येणं, सुस्ती किंवा बरळणं यांपैकी काहीही दिसलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. सोबत रिपोर्ट आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्यावीत.