लेटेस्ट की टिकाऊ?

रविवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. सोमवारी सकाळी दहाला लेख द्यायचा होता आणि मला नेमका तेव्हाच लॅपटॉपवर लिनक्सची कोरी करकरीत आवृत्ती टाकायचा मोह झाला. एका क्लिकचं तर काम! पहाटे दोनला वाय-फाय गायब, स्क्रीन काळीठिक्कर. बॅकअप? तो राहिलाच होता. लेख मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर आठवून आठवून पुन्हा टाइप केला.

तेव्हापासून मी आधी गणित मांडते.

उबुंटूचंच घ्या. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण तिला अपडेट्स मिळतात जेमतेम ९ महिने. म्हणजे सतत अपग्रेड करत राहणं आलंच. दोन वर्षांतून एकदा येते ती ‘एलटीएस’, तिला मात्र ५ वर्षं सपोर्ट. नंबरही सोपा: २४.०४ म्हणजे २०२४चा एप्रिल.

डेबियनवाले आणखी सावध. नवा प्रोग्राम आधी ‘अनस्टेबल’मध्ये, मग ‘टेस्टिंग’मध्ये आणि पास झाला तरच पुढच्या ‘स्टेबल’मध्ये. ‘अनस्टेबल’चं टोपणनाव आहे सिड, ‘टॉय स्टोरी’तला खेळणी मोडणारा पोरगा!

‘पण स्टेबल म्हणजे शिळं ना?’ अजिबात नाही. प्रोग्रामची आवृत्ती जुनी राहते, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र येत राहतात.

मग लेटेस्ट कुणी घ्यावं? लॅपटॉप अगदी नव्या मॉडेलचा असेल, तर त्याचं वाय-फाय किंवा ग्राफिक्स ओळखायला नवा कर्नल लागू शकतो. सॉफ्टवेअर बनवणं हाच तुमचा धंदा असेल, तरीही नवं हाताशी हवं. अशांसाठी फेडोरा आहे: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, साधारण १३ महिने सपोर्ट. तुम्हाला फक्त एखादं अ‍ॅप नवं हवंय? मग अख्खी सिस्टिम बदलू नका. स्टेबलवरच फ्लॅटपॅकमधून ते अ‍ॅप घ्या.

तरीही हात शिवशिवतायत? आधी पेन ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून बघा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, सगळं तपासा. बॅकअप घ्या. आणि मुहूर्त काढा शुक्रवार रात्रीचा, तोही सोमवारी डेडलाइन नसताना.

माझ्या कामाच्या लॅपटॉपवर आता एलटीएस आहे. कपाटातल्या जुन्या लॅपटॉपवर सिड नांदतोय. त्याने काय मोडायचं ते मोडावं, सोमवारचा लेख वेळेवर जातो!