अल्पमोली यंत्रे (लेखांक 7) : साच्यातून निघालेला निर्वात-चूषक

 आजच्या विषयासाठी कुंभकोणमची आठवण होते ती तेथून जाणाऱ्या जुन्या लोहमार्गामुळे. मायावरम, कुंभकोणम करीत तंजावरास जाणाऱ्या दक्षिणेतल्या त्या मीटरगेज मार्गावर जी वाफेची इंजिने धावली, त्यांच्या गाड्या थांबविण्याची जबाबदारी धातूच्या ज्या लहानशा भागावर सोपविलेली असे, त्यात ना दट्ट्या होता, ना फिरणारे चाक. अरुंद तोटीतून सुटलेला वाफेचा झोत भोवतालची हवा आपल्यासोबत ओढून नेई, गाडीच्या तळाशी शेवटच्या डब्यापर्यंत गेलेल्या नळात सुमारे 50 सेंटिमीटर पाऱ्याइतका निर्वात राखी, आणि चालकाने त्या नळात हवा शिरू दिली की चाकाचाकावरचे ब्रेक आवळले जात. हाच चूषक, वाफेऐवजी पाण्यावर किंवा दाबलेल्या हवेवर चालविला, तर प्लास्टिकचा आणि अत्यल्प खर्चात होऊ शकतो. वाफेचे नाव मात्र येथे काढू नये, कारण पॉलिप्रॉपिलीन 165 अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या पुष्कळ आधीच नरम पडते.

तत्त्व जुनेच आहे. व्हेंचुरीने अरुंद मार्गातून वाहणाऱ्या पाण्याचा दाब कसा उतरतो याचे विवेचन 1797 साली प्रसिद्ध केले, जिफारने 1858 मध्ये वाफेच्या झोताने बाष्पकात पाणी भरण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि 1868 मध्ये बुन्सेनने पडत्या पाण्याच्या बळावर गाळणीखाली निर्वात करण्याची रीत रसायनशाळेत रूढ केली. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतले पाणी, घर्षणाचा हिशेब सोडला तर, तोटीच्या मुखाशी सेकंदाला 14 मीटर वेग धारण करते. भोवतालच्या कोठीतील हवा त्या झोताच्या अंगाला लागून पुढे लोटली जाते, दोहोंचे मिश्रण कंठातून, म्हणजे मार्गाच्या सर्वांत अरुंद जागेतून, पार होते, आणि त्यापुढच्या हळूहळू रुंदावणाऱ्या प्रसारक नळीत वेगाचे पुन्हा दाबात रूपांतर होते म्हणूनच ती हवा बाहेरच्या वातावरणाचा विरोध मोडून निघून जाऊ शकते. ही शेवटची नळी घाईने रुंदावली, म्हणजे तिच्या दोन भिंतींमधील कोन सात-आठ अंशांच्या फार पुढे गेला, की प्रवाह भिंत सोडतो, भोवरे माजतात आणि मिळविलेला निर्वात हातचा जातो.

आता माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म जेथे आहे तेथे येऊ. कोणतीही वस्तू साच्यातून सुखरूप सुटावयाची तर तिच्या भिंतींना थोडा उतार द्यावाच लागतो, आणि हा उतार बहुतेक जिनसांच्या बाबतीत रचनाकाराला नाइलाजाने पत्करावा लागतो. परंतु तोटी निमुळती आणि प्रसारक नळी उमलती असल्यामुळे साच्याला जे हवे तेच या यंत्रालाही हवे असते. अडचण एवढीच की आधी निमुळता होऊन मग रुंदावणारा मार्ग एकाच पोलादी गाभ्यावर घडविता येत नाही, कारण तो गाभा बाहेरच निघणार नाही. तेव्हा तोटी वेगळी करावी, आणि कोठी व प्रसारक नळी एका अंगात ठेवून त्यासाठी दोन बाजूंनी येणारे दोन गाभे योजावेत. त्यांची गाठ कंठाच्या ऐन अरुंद जागीच पडते, म्हणून तेथे वेगवान प्रवाहाच्या वाटेत प्लास्टिकची बारीक कोर राहणार नाही याची काळजी घ्यावी.

कुंभकोणमच्या पश्चिमेस काही मैलांवर स्वामिमलै येथे स्थपती मेणाची मूर्ती घडवितात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थरावर थर चढवून तारांनी ते आवळतात, मेण वितळवून काढतात, रस ओततात आणि मूर्ती निवाली की साचा फोडून टाकतात. प्रत्येक मूर्तीमागे कारागिराला आपले सारे कसब नव्याने खर्चावे लागते. चूषकाच्या पोलादी साच्यात ते कसब एकदाच खर्ची पडते आणि पुढे हजारो नगांना हुबेहूब मिळते. परंतु साच्यात राहिलेली कसूरही तितक्याच इमानाने प्रत्येक नगात उतरते, म्हणून काटकसर करावयाची ती प्लास्टिकच्या वजनात करावी, साच्याच्या कामात कदापि करू नये.

त्या कामात सर्वाधिक दक्षता लागते ती तोटी आणि कंठ यांची मध्यरेषा एक राखण्यासाठी. तोटीचे भोक पाडणारा गाभा लांब व सडपातळ ठेवला, तर एका बाजूने शिरणाऱ्या रसाच्या रेट्याने तो वाकतो आणि तोटी कायमची तिरपी होते. यास्तव गाभा आखूड व जाड बुंध्याचा असावा, केवळ टोकाशी बारीक व्हावा. भिंती सर्वत्र सारख्या, दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवाव्यात, कारण जाड भाग उशिरा निवतो आणि आत ओढला जातो. पॉलिप्रॉपिलीन निवताना शेकडा एक ते दोन आकसते. तीन मिलिमीटरच्या कंठात हा फरक केसाएवढाच असला तरी गाभा करताना तो जमेस धरावाच लागतो.

हवामानाचाही एक मुद्दा आहे. पाण्यावर चालणारा चूषक पाण्याच्या बाष्पदाबाखाली जाऊच शकत नाही. हा दाब 10 अंशांना सुमारे 9 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, 30 अंशांना 32 आणि 35 अंशांना 42. थंड देशाच्या पुस्तकातले आकडे कुंभकोणमच्या भर दुपारी गच्चीवरच्या टाकीतून मिळतील अशी अपेक्षा धरणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. गाळणीच्या कामाला मात्र एवढा निर्वात मुबलक आहे. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या चूषकाला हे बंधन नाही. पाच-सहा बार दाबावर एकेरी तोटीही कोठीतली शेकडा पंचाऐंशीच्या आसपास हवा काढते, पण दाबलेली हवा महाग पडते. आपल्याकडे या जातीचे सर्वांत ओळखीचे साधन म्हणजे ठिबकच्या नळावर बसविलेली, पाण्यासोबत खताचे द्रावण ओढून घेणारी प्लास्टिकची व्हेंचुरी. मुख्य नळातल्या दाबाचा बराच अंश तिच्यापायी खर्च होतो, हे जळगाव भागातल्या केळीच्या बागाईतदारास निराळे सांगावयास नको.

साचा करण्यापूर्वी पीव्हीसीची टी, रिड्यूसर आणि खरादीकडून करवून घेतलेली तोटी यांचा एक नमुना जुळवावा. पंपाच्या नळाला जोडून तो गच्चीच्या कठड्याला बांधावा, त्याच्या शोषमुखाला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक अंगणातल्या बादलीत सोडावे, आणि पाणी किती उंच चढते ते मोजावे. पाच मीटर चढले तर तो सुमारे 37 सेंटिमीटर पाऱ्याइतका निर्वात झाला. मग तोटीच्या बुडाशी एकेक वायसर घालून तिचे टोक कंठापासून थोडे थोडे मागे सारीत जावे. आरंभी पाणी वर वर चढते, पुढे एका अंतरानंतर उतरू लागते. ज्या अंतरावर ते सर्वांत उंच उभे राहिले ते मुक्रर करून मगच साचेकाराकडे वर्दी द्यावी.