पावसाला वाट देणारी नक्षी

वळचणीची तुटकी झालर, टेबलावर मावणारी एक करवत आणि लाकूड वळवत वळवत शिकायचा एक छंद. सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडी माहिती, थोड्या युक्त्या.

वसईजवळच्या निर्मळच्या तळ्याकडून आत वळलं की वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर अजून काही कौलारू घरं भेटतात. त्यातलं एक गेल्या वर्षी उतरवलं. कौलं एका टेम्पोत गेली, वासे दुसऱ्या. वळचणीच्या झालरीला मात्र गिऱ्हाईक नव्हतं; ती न्हाणीच्या चुलीकडे निघाली होती. चार-चार बोटं रुंद, पाऊण इंच जाड अशा उभ्या सागवानी पट्ट्या. खाली तीन पाकळ्यांचं निमुळतं टोक, वर विड्याच्या पानाच्या आकाराचं भोक. मी पाच मागून घेतल्या. चार धड होत्या, पाचवीची पाकळी तुटलेली.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर पत्र्याचं छोटं छप्पर आहे. त्याला झालर लावायची तर नऊ पट्ट्या हव्यात, म्हणजे पाच नव्या कापणं आलं. ओळखीच्या सुतारकाकांना विचारलं. ते म्हणाले, "हे आरीचं काम. दिवसाला दोन-चार निघायच्या. आता कोण बसतंय?" मग मीच बसायचं ठरवलं. त्यातून स्क्रोल सॉ घरात आली.

करवत जागेवर, लाकूड फिरतं

शिलाई मशीन डोळ्यांपुढे आणा. सुई जागच्या जागी वर-खाली होते आणि कापड हातानं फिरवायचं. स्क्रोल सॉचं तसंच, फक्त सुईऐवजी काडीएवढं बारीक पातं. ते मिनिटाला साधारण ४०० ते १८०० वेळा वर-खाली होतं, दर वेळी जेमतेम पाऊण इंच. पातं इतकं अरुंद असल्यामुळे लाकूड जवळपास जागेवर गर्रकन फिरवता येतं. सुतार हातात धरून चालवतात ती जिगसॉ वेगळी. ती लाकडावरून फिरते, ताकदीची असते. पण विड्याच्या पानाचं टोक तिला साधत नाही.

शिलाई मशीनची आठवण उगाच होत नाही. एकोणिसाव्या शतकात या करवती पायानंच चालवत. बारीक पात्याच्या करवतीची हौस तर त्याहून जुनी. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी यानं लाकडावर नकाशे चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले. मुलांना भूगोल शिकवायला केलेले ते तुकडे आजच्या जिगसॉ पझलचे पूर्वज. पुढे इंग्लंडात 'हॉबीज वीकली' नावाचं साप्ताहिक १८९५ पासून घरोघरच्या हौशी लोकांना कापायच्या नक्ष्या पुरवू लागलं. आपल्याकडे याच कामाला फ्रेटवर्क म्हणतात.

यंत्रावर कापलेल्या लाकडी नक्षीची हीच लाट आपल्याकडेही दिसते. जुन्या रेल्वे स्थानकांच्या छपरांना, गिरगावातल्या खोताच्या वाडीतल्या घरांना, वांद्र्याच्या जुन्या बंगल्यांना अशी झालर आजही आहे. निर्मळची माझी पट्टी त्यांचीच लांबची नातेवाईक.

"लेझरवर पाच मिनिटांत कापून मिळेल," असं बहुतेक जण सांगतात. वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये ती सोय आहेही, आणि पातळ एमडीएफसाठी ती उत्तम. पण पाऊण इंच सागवानात लेझरची कड करपते. शिवाय कापून आणलं असतं तर या लेखात पुढे येणारी गोष्ट मला कधीच कळली नसती.

पातं निवडलं की अर्धं काम झालं

मशीन लगेच घेऊ नका. आधी काहीशे रुपयांची हाताची फ्रेट सॉ घ्या. टेबलाच्या कडेला व्हीच्या आकाराची खाच असलेली फळी क्लॅम्पनं आवळा, खाचेवर लाकूड धरा आणि करवत उभी, दात खाली करून चालवा. महिनाभरानंतरही हात शिवशिवत असेल तर मशीनकडे वळा.

मशीन घेताना आधी पातं कसं बसतं ते बघा. काही मशीनना दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली पातीच लागतात. ती बदलायला सोपी. पण पिन आत जाण्याएवढं भोक मोठं पाडावं लागतं, आणि बारीक नक्षीत तेवढी जागाच नसते. बिनपिनेचं पातं दीड मिलिमीटरच्या भोकातून जातं. पात्याची प्रमाण लांबी पाच इंच. मशीनवर सोळा इंच किंवा वीस इंच लिहिलेलं असतं ते पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर. लाकूड फिरवायला तेवढीच मोकळी जागा मिळते.

पात्यांना नंबर असतात. चार-सहा मिलिमीटरच्या प्लायला २ किंवा ३ नंबर, अर्धा ते पाऊण इंच लाकडाला ५, इंचभर टणक लाकडाला ७ किंवा ९. नंबर आठवला नाही तर एवढं ध्यानात ठेवा: लाकडाच्या जाडीत कोणत्याही क्षणी निदान तीन दात असले पाहिजेत. कमी असतील तर लाकूड थडथड उडतं.

पातं ताणून बसवा. बाजूनं बोटानं दाबलं तर तीन मिलिमीटरहून जास्त हलता कामा नये आणि टिचकी मारली तर तंतुवाद्यासारखा स्वच्छ सूर निघावा. भद्द आवाज आला तर ताण कमी आहे. ढिलं पातं लाकडाच्या पोटात वाकतं. वरून नक्षी बरोबर दिसते, उलटं केलं की खालची बाजू वेगळीच.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला वाटतं, आपल्याला सरळ रेषसुद्धा कापता येत नाही. दोष हाताचा नसतो. पातं तयार होताना दातांच्या एका बाजूला बारीक कंगोरा राहतो. ती बाजू जास्त कापते आणि रेघ तिकडे ओढली जाते. उपाय म्हणजे लाकूड तीन-चार अंश तिरकं धरून पुढे सरकवायचं. पात्याचा हा स्वभाव टाकाऊ तुकड्यावर आधी पारखून घ्यावा.

आणि ढकलायचं नाही. पातं जेवढं खाईल तेवढंच भरवायचं. कोपरा आला की पुढे सरकणं थांबवा, मशीन चालूच ठेवा आणि लाकूड जागेवर फिरवा. घाई केली तर पातं तुटतं. बरं झालं तर आवाजानं दचकायला होतं, वाईट झालं तर नक्षीच जाते.

भेंड, पांगारा आणि प्लायचा तुकडा

दिव्यावदान या बौद्ध ग्रंथात शेजारच्या सोपाऱ्याचा पूर्ण नावाचा व्यापारी बुद्धासाठी चंदनाचा प्रासाद बांधतो, अशी कथा आहे. आपल्याला चंदन नको. सरावासाठी सुताराकडचे चार-सहा मिलिमीटर प्लायचे उरलेले तुकडे पुरेत. घरात ठेवायच्या वस्तूंना साधा प्लाय चालतो. बाहेर लावायचं तर आयएस ७१० छाप असलेला मरीन प्लाय बघा. मात्र त्यातला कडक डिंक पाती लवकर बोथट करतो, तेव्हा दोन पाती जास्त घ्या.

सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची असतात, कारण ते लाकूड हलकं आणि मऊ. स्क्रोल सॉवर मात्र मऊ लाकडाची कड केसाळ निघते; वरून-खालून टेप लावली की सुधारते. आपल्या समुद्रकाठचा भेंड माझ्या विशेष आवडीचा: दाट, गडद गाभ्याचा, कड गुळगुळीत देणारा. हवाई बेटांवर याच झाडाला मिलो म्हणतात आणि त्याचे वाडगे करतात. वादळात पडलेल्या झाडाची फांदी मिळाली तर फळ्या काढून सावलीत, मध्ये काड्या घालून वाळवा. जाडीच्या दर इंचाला साधारण वर्षभर थांबावं लागतं.

माझ्या पट्ट्यांसाठी लाकूड त्या घराच्याच मोडक्या दारातून निघालं. जुनं लाकूड आधी लोहचुंबकानं तपासा. आत दडलेला एक खिळा एका पात्याचा जीव घेतो.

एक पट्टी, पायरीपायरीनं

धड पट्टीवर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घेतला आणि झेरॉक्सच्या पाच प्रती काढल्या. कागद लाकडाला थेट फेविकॉलनं चिकटवू नये, मग निघता निघत नाही. आधी मास्किंग टेप, तिच्यावर ग्लूस्टिकनं कागद आणि सगळ्यात वर पार्सलची पारदर्शक चिकटपट्टी. या वरच्या पट्टीमुळे पात्याचं घर्षण कमी होतं आणि टणक लाकूड करपत नाही.

मग टेबल काटकोनात आहे का ते बघायचं. जाड तुकड्याला समोरून छोटी खाच पाडा, तुकडा फिरवून तीच खाच पात्याच्या मागच्या कडेला लावा. पातं अलगद आत गेलं तर टेबल बरोबर.

कापताना आधी आतली भोकं, बाहेरची कड शेवटी. पट्टी चौकोनी आहे तोवर धरायला भक्कम असते. पाकळ्या सुटल्या की नाजूक होते. भोक पाडायचं ते टाकाऊ भागात, रेषेपासून जरा दूर. पातं त्यातून ओवून वर अडकवायचं, पान कापायचं, पातं सोडवायचं.

पातळ काम असेल तर चार-पाच थर टेपनं बांधून एकदम कापता येतात. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून गणपतीच्या मखराला प्लायची नक्षी हवी असते. आमच्या भागात डिसेंबरात नाताळचे तारे आणि गोठ्यातल्या आकृत्यांनाही हीच युक्ती कामी येते.

खारी हवा

निर्मळहून समुद्र लांब नाही, आणि पावसाळ्यात पाती आठवडाभरात तांबूस होतात. ती तेलाचे दोन थेंब टाकलेल्या झाकणाच्या नळीत ठेवा. मशीनच्या लोखंडी टेबलावर साधी मेणबत्ती घासून फडक्यानं पुसा. गंज थांबतो आणि लाकूडही सहज सरकतं.

भुशाला हलकं घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक घटकांच्या यादीत घातली. सागवानाच्या धुळीनं काहींना खाजही सुटते. एन-९५ मास्क, चष्मा आणि खिडकीकडे तोंड करून लावलेला पंखा एवढं हवंच. पातं बदलताना प्लग काढा. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली माळ मशीनपासून लांब.

सुतारकाकांचा अंगठा

पाच पट्ट्या झाल्या. जुन्या चारांशेजारी मांडून काकांना बोलावलं. त्यांनी नक्षीकडे पाहिलंच नाही. जुन्या पट्टीच्या पानात अंगठा घातला, खालच्या कडेवरून फिरवला. मग नवीच्या पानात.

"ह्यात पाणी बसेल," म्हणाले.

मीही अंगठा फिरवला. जुन्या भोकाची खालची कड सपाट नव्हती, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती होती. माझी अगदी काटकोनात. जे टेबल मी इतक्या काळजीनं तपासलं होतं त्यानं मला फसवलं नव्हतं. मीच नक्षी फक्त समोरून पाहिली होती.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. पट्ट्या उभ्या का? पाणी लाकडाच्या रेषांवरून खाली ओघळतं, आडवं मुरत नाही. टोक निमुळतं का? पाणी तिथे एकत्र होऊन थेंबानं सुटतं, मागे भिंतीकडे वळत नाही. दोन पट्ट्यांमध्ये दोन मिलिमीटरची फट का? पावसात लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. ज्याला मी शोभा म्हणत होतो ती पावसाची वाट होती, पानाच्या आकाराची.

ती उतरण मी कानशीनं घासून दिली, पाच पट्ट्यांना एक सकाळ लागली. टोकांना जवसाचं तेल तीनदा पाजलं, कारण तिथेच लाकडाची तोंडं उघडी असतात. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका; ती आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा. स्क्रू पितळी लावले.

झालर जूनच्या आधी चढली. चार पट्ट्या काळपट, पाच तांबूस, आणि तुटकी पाचवी माझ्या टेबलावर नमुना म्हणून. पहिल्या मोठ्या सरीला मी खिडकीत उभा होतो. नऊ टोकांवरून नऊ धारा पडत होत्या, भिंत कोरडी होती.