डिस्क ‘बेंड’ झालीय म्हणे!

ताशी ८०च्या वेगात ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं. गाडी गॅरेजला नेली की बरेचदा चाक काढायच्या आधीच निदान होतं, ‘डिस्क बेंड झालीय साहेब, बदलावी लागेल.’ गाडीवाल्याला ते पटतंही, कारण त्यानेही तेच ऐकलेलं असतं: घाटात ब्रेक तापले, वर पाणी उडालं आणि डिस्क वाकली. मग नवी डिस्क, नवे पॅड, काही हजारांचं बिल. काही महिने गाडी छान थांबते आणि पुन्हा तीच थरथर सुरू होते. आता नवी डिस्क ‘हलक्या प्रतीची’ ठरते. हे इतक्यांदा कानावर येतं की आता संताप होतो. चांगला भाग भंगारात जातो आणि मूळ दोष गाडीतच राहतो.

साध्या मोटारींच्या डिस्क बिडाच्या असतात. बीड हा ठिसूळ धातू. वाकण्याआधी तो तडकतो, आणि वितळायला त्याला अकराशे अंशांच्या वर उष्णता लागते. रोजच्या वापरातली डिस्क घाट उतरताना वाकून बसेल, हे फार क्वचित घडतं. शंका असेल त्यांनी कॅरोल स्मिथ यांचं लिखाण वाचावं. हे अमेरिकन रेसिंग इंजिनिअर. फोर्डच्या जीटी४० प्रकल्पात त्यांनी काम केलं होतं. शर्यतीच्या गाड्यांचे ब्रेक लालभडक होतात, तरी ‘वाकलेली’ म्हणून त्यांच्यासमोर आलेल्या डिस्कवर त्यांना सापडलं ते पॅडचं असमान चिकटलेलं मटेरियल.

मग थरथर कशाने? डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते म्हणून. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. १५-२० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाव हिश्शाएवढा फरकही पुरतो. जाड भाग पॅडमधून जाताना पकड वाढते, पातळ भाग जाताना सुटते. ८०च्या वेगाला लहान गाडीचं चाक सेकंदाला साधारण बारा वेळा फिरतं, म्हणून स्टीअरिंगला सेकंदाला बारा झटके बसतात. सस्पेन्शनची स्वतःची कंपनं याच्या आसपास असतील, तर थरथर ठरावीक वेगातच जाणवते आणि त्याखाली नाहीशी होते.

ही असमान जाडी दोन वाटांनी येते. पहिली वाट पॅडची. एक्स्प्रेसवेवर बोरघाट सतत ब्रेक दाबत उतरलात आणि खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत पेडल दाबून उभे राहिलात, तर तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी दाबला जातो आणि त्याचं मटेरियल तिथे चिकटतं. पुढच्या प्रत्येक ब्रेकला तो डाग जास्त तापतो. तापमान ६५०-७०० अंशांपर्यंत गेलं, तर त्याखालच्या बिडात सिमेंटाइट नावाचं कडक संयुग तयार होतं. ते आतवर गेलं असेल तर लेथवर फेस मारूनही उपयोग नाही. तो भाग कमी झिजतो आणि पुन्हा वर येतो. अशा वेळी डिस्क बदलणंच योग्य.

दुसरी वाट हबची, आणि नवी डिस्कही काही महिन्यांत थरथरते ती बहुधा हिच्यामुळे. डिस्क ज्या हबवर बसते तिथे, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, गंजाचे पापुद्रे धरतात. मेकॅनिक जुनी डिस्क हातोडीने ठोकून काढतो आणि त्याच गंजावर नवी चढवतो. हबवरचा ०.०५ मिमीचा खडा डिस्कच्या कडेपर्यंत जवळपास दुप्पट होतो. डिस्क डगमगत फिरते, ब्रेक दाबलेला नसतानाही तिची एक बाजू दर फेऱ्याला पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरांत तेवढीच पातळ होते. चाकाचे नट गनने वाटेल तसे आवळले, तरी डिस्क तिरकी बसू शकते. पंक्चरच्या दुकानातून निघाल्यावर महिन्याभरात थरथर सुरू झाली असेल, तर आधी इथेच पाहा.

म्हणून मोजमाप करा. हब वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायचा. डिस्क बसवून सगळे नट टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे. मग डायल गेजचं टोक डिस्कच्या कडेपासून थोडं आत टेकवून डिस्क हाताने सावकाश फिरवायची. काटा ०.०५ मिमीच्या आत हलला तर उत्तम. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ ते ०.१ मिमीच्या दरम्यान असते. जास्त हलला, तर डिस्क एक नट पुढे सरकवून पुन्हा मोजायची. जाडी मायक्रोमीटरने सात-आठ जागी घ्यायची. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क फेस मारण्याच्या लायकीचीही नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ब्रेक न दाबता गाडी थरथरते? मग आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर पाहा. स्टीअरिंग शांत, पण सीट किंवा पेडल थरथरतं? बहुधा मागचे ब्रेक. मागे ड्रम असतील तर ते अंडाकार झाले असतील. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबताना पेडल पायाखाली धडधडतं, ते एबीएसचं काम, बिघाड नव्हे. भोकं पाडलेल्या डिस्क लावल्याने थरथर जात नाही. लोअर आर्मचे बुश किंवा टाय रॉड एंड ढिले असतील तर थरथर वाढते, म्हणून तेही तपासून घ्या. स्लाइड पिन अडकून कॅलिपर चिकटत असेल, तर नव्या पॅडची तीच गत होईल.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६०वरून १५पर्यंत मध्यम ब्रेक मारत आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये थंड व्हायला वेळ द्या आणि तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून उभे राहू नका. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा. आणि पुढच्या वेळी कोणी ‘डिस्क बेंड’ म्हणालं, तर डायल गेजचा आकडा मागा. तो दाखवता येत नसेल, तर गाडी दुसऱ्या गॅरेजला न्या.